लाकडातला अंगठा

मी कापड मोजायची काठी बोलतेय. आधाराची नव्हे आणि माराचीही नव्हे. त्या दोघींचं बरं असतं, आपलं काम झालं की नाही ते त्यांना समोरच्याच्या तोंडावरून लगेच कळतं. माझं तसं नाही. माझ्या अंगावरून गावभरचं कापड गेलं, त्या कापडावर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आणि विझल्या. पण मी स्वतः किती लांब आहे हे विचारावंसं वाटलं ते एकाच बाईला. बाकी सगळे मला हातात धरून दुसऱ्यांना मोजत राहिले.

सध्या मी काचेच्या पेटीत आडवी पडून आहे. उशाशी चिठ्ठी आहे: 'मोजकाठी. लांबी एक वार. एका टोकाला जळल्याचा डाग.' या तीन वाक्यांपैकी पहिलं खरं आहे, दुसरं खोटं आहे, आणि तिसरं इतकं अर्धवट आहे की त्यापेक्षा खोटं परवडलं. एरवी मी गप्प बसले असते. दोनशे वर्षं बसलेच आहे. पण आता तो डाग घासून काढायचं चाललंय, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म भांडणातून झाला. आमचं गाव इंग्लंडमधल्या लँकशरमधलं, डोंगराच्या कुशीतलं. घराघरात हातमाग. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर मालकांची सूतगिरणी आणि तिला लागून वखार. विणकर वखारीतून सूत न्यायचे, घरी विणायचे आणि शनिवारी ठाण खांद्यावर टाकून मोजून द्यायला रांगेत उभे राहायचे. चोवीस वारांचं एक ठाण. ठाण भरलं की मजुरी.

आता यात एक रीत होती. प्रत्येक वार मोजून झाला की मोजणारा काठीच्या टोकाशी आपला अंगठा आडवा ठेवायचा आणि पुढचा वार अंगठ्याच्या पलीकडून सुरू करायचा. अंगठ्याएवढं कापड वारामागे वरकड. दूधवाला मापावर थोडं अधिक ओततो, तसंच हे. कायदा नव्हता, पण जुन्या विणकरांना त्याचा मोठा अभिमान होता. अंगठा न देणारा विणकर म्हणजे पाहुण्याला मोजून वाढणारा यजमान.

रीत चांगली होती, अंगठा वाईट होता. वखारीत मोजणीला सायलस ग्रिमशॉ होता, आणि त्याचा अंगठा म्हणजे बटाटा. त्याच्या आधीच्या मोजणीदाराचा अंगठा बारीक होता म्हणे, त्यामुळे लोकांना तो माणूसही सज्जन वाटायचा. सायलस बिचारा दुष्ट नव्हता. प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर बसायचा, खड्या आवाजात आणि बेसूर गायचा. पण देवाने दिलेला अंगठा त्याने कुठे टाकायचा?

शेवटी एनोक रॅम्सडेन पुढे झाला. हा गावातला जुना विणकर, वादात पटाईत, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नसे. पाचसहा जणांना घेऊन तो मालकांकडे गेला. म्हणाला, अंगठा आम्ही देऊ, वाडवडील देत आले, पण तो माणसागणिक बदलायला नको. तो एकदाच लाकडात घाला. मालकांना वादाचा कंटाळा आला होता. त्यांनी सुताराला बोलावलं.

अशी मी झाले. ॲश झाडाचं चिवट लाकूड, वाराचे छत्तीस इंच आणि वर अंगठ्याचा एक. सदतीस. शेवटचा इंच कशाचा हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून एनोकने सांडशी तापवली आणि माझ्या टोकाला आपल्या अंगठ्याएवढी खूण डागली. खूप दुखलं. पण मी न्यायासाठी डागली जातेय असं सगळे म्हणत होते, म्हणून सोसलं. मग सगळ्यांनी बीअर प्यायली. एनोक माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "आजपासून अंगठा लाकडात." टाळ्या पडल्या. सायलसनेही वाजवल्या.

पुढच्याच शनिवारी सायलसने मला उचललं, पहिल्या ठाणावर आडवं ठेवलं, एक वार मोजला आणि टोकाशी अंगठा ठेवला.

मी म्हटलं, आता कुणीतरी बोलेल. रांगेत तीस माणसं होती, त्यात एनोकही होता. तो मागच्याला आपल्या कबुतरांच्या खोकल्याबद्दल सांगत होता. दुसरा वार, अंगठा. तिसरा वार, अंगठा. खुद्द सायलसच्याही ते लक्षात आलं नसावं. अर्धं आयुष्य त्याने काठी आणि अंगठा, काठी आणि अंगठा असंच मोजलं होतं. उद्या कुणी त्याला म्हटलं असतं की श्वास लाकडात घातलाय, तर त्याने श्वास घेणं थोडंच थांबवलं असतं? आणि लोकांचं म्हणाल, तर त्यांनी तो अंगठा जन्मापासून तिथेच पाहिलेला. तो नसता तर एखाद्याला चुकल्यासारखं वाटलं असतं. होता, म्हणून कुणाला दिसला नाही.

इथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली ती आजतागायत. माझ्या पोटात एक अंगठा, शेपटाला दुसरा. वखारीतून ताणा, म्हणजे उभं सूत, दिला जायचा तो एकाच अंगठ्याच्या हिशेबाने. त्यामुळे चोवीस वारांच्या ठाणाला चोवीस अंगठे कमी पडायला लागले, आणि ते अंगठे सायलसचे. पाऊण वाराच्या आसपास कापड. कमी भरलं की मजुरी कापली जायची.

मग महिन्याभरात चमत्कार झाला. ठाणं पुन्हा भरायला लागली.

माझ्याखालून जाणारं कापड मला आतून कळतं. ही ठाणं दमट होती आणि त्यांचे धागे कुरकुरत होते. घरोघर लोक ठाण ओलं करून दोन्ही टोकांनी ओढायला लागले होते. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको, मधे लागेल तसं पोर. रस्सीखेचच ती. पाऊण वार सहज निघायचा. हे प्रत्येक घर करत होतं आणि प्रत्येक घराला वाटत होतं की हे आपणच करतोय. शेजाऱ्याचं ठाण भरतं, म्हणजे शेजारी चांगला विणतो, आपलाच हात कुठेतरी चुकतोय. त्यामुळे बोलायची सोय नव्हती. खिडकीला फडकं लावून ओढायचं आणि शनिवारी हवापाण्याच्या गप्पा मारत रांगेत उभं राहायचं.

अशी काही वर्षं गेली. ओढलेलं कापड धुलाईच्या कारखान्यात गेलं की मूळच्या मापावर यायचं. मँचेस्टरचे व्यापारी ओरडायला लागले की तुमचं कापड आखूड निघतं. मालकांनी विचार केला, आणि मालक विचार करतात तेव्हा तो सहसा खालच्या दिशेने जातो. त्यांनी ठरवलं की विणकर सूत चोरतायत. वखारीच्या दारावर फर्मान लागलं: यापुढे ज्याचं ठाण कमी भरेल त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करू. सुताच्या चोरीला तेव्हा तुरुंग होता.

आणि पुढच्याच शनिवारी कमी ठाण घेऊन आली पेगी हिंडल.

पेगी चाळिशीची, किरकोळ अंगाची, बोलायला तिखट. तिचा नवरा ॲमॉस छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळलेला. तो उभा होता तोवर त्यांचीही ठाणं भरत. आता तो पलंगावरून बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, कांड्या भरून द्यायचा तेवढंच. ठाण ओढायला दोन माणसं लागतात. पेगी एकटी. दाराच्या कडीला एक टोक बांधून तिने ओढून पाहिलं असणार, कारण तिच्या ठाणाच्या एका काठाला कडीचा गंज लागलेला होता. शेजारणीला मदतीला बोलवावं, तर जे काम गावात कुणीच करत नव्हतं त्याला मदत मागणार कशी?

त्या दिवशी वखारीत आणखी एक माणूस होता. पिलिंगसाहेब. मँचेस्टरच्या कुठल्याशा मंडळाने त्यांना विणकरांची मजुरी किती ते मोजायला पाठवलं होतं. माणूस भला होता, हातमोजे काढून सगळ्यांशी बोलत होता. रांगेत पेगी पुढे होती, म्हणून त्यांनी तिला विचारलं की आठवड्याला तुम्ही किती मिळवता.

"कुठल्या आठवड्याला?" पेगी म्हणाली.

साहेब म्हणाले, साधारण. पेगी म्हणाली की साधारण आठवडा अजून तिच्या घरी आलेला नाही. आला की कळवीन. ठाणाचे पाच शिलिंग मिळतात. त्यातून मेणबत्त्या गेल्या, खळीचं पीठ गेलं, मागाचं भाडं गेलं. ठाण कधी आठवड्यात होतं, ॲमॉसला रात्री उबळ आली तर दहा दिवस लागतात. शिवाय कांड्या तो भरतो, तेव्हा ही मजुरी एकाची म्हणायची की दोघांची?

"बाई, तुम्ही एकूण सांगा," साहेब म्हणाले. "वजाबाकी आपण नंतर बघू."

आणि त्यांनी शाईने लिहून टाकलं: एक विणकर, आठवड्याला पाच शिलिंग म्हणजे साठ पेन्स, वारामागे अडीच पेन्स. त्यांचं ते 'नंतर' अजून यायचंय. 'वार' हा शब्द त्यांनी लिहिला तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. एकदा माझ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं.

सायलसने पेगीचं ठाण ओट्यावर पसरलं. काठी, अंगठा. काठी, अंगठा. शेवटाला पोचला आणि थांबला. पुन्हा मोजलं. पाऊण वार कमी. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या तळहाताच्या घामावरून मला कळलं. पण फर्मान दारावर होतं. त्याने मालकांना माडीवरून खाली बोलावलं. मालक आले, ठाणाकडे पाहिलं आणि म्हणाले की सोमवारी मॅजिस्ट्रेटकडे.

पेगी रडली नाही. तिने शालीची गाठ घट्ट केली. घरात ॲमॉस पलंगावर. ती आत गेली तर त्याला ओटची पेज कोण भरवणार, हे रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात आलं आणि प्रत्येकाने आपल्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावरची ठाणं भरणार होती. ओलसर होती.

"सायलसकाका," पेगी म्हणाली, "हे ठाण मी सकाळी बाजाराच्या भिंतीवर मोजून आणलंय."

आमच्या गावात बाजाराच्या भिंतीत एक लोखंडी वार बसवलेला होता. रिबिनी विकणाऱ्या बायकांनी फसवू नये म्हणून. विणकर तिकडे कधी फिरकत नसत. आपल्याला कोण रिबीन फसवून देणार, असं त्यांचं म्हणणं.

"तिथे चोवीस वार भरून वर अर्ध्या वाराहून जास्त उरतं. दोन बायकांसमोर मोजलंय. इथे त्याच चोवीसाला पाऊण वार कमी कसं पडतं?"

सायलस समजावणीच्या सुरात म्हणाला, "पोरी, भिंतीवर अंगठा नसतो. आपल्यात वर अंगठा द्यायचा असतो."

"उरलंय तो अंगठाच आहे. तो दिलाय मी. दुसरा कुठून आणू?"

मालकांना काही कळलं नव्हतं. पिलिंगसाहेबांना काहीतरी रंजक ऐकायला मिळतंय असं वाटत होतं. पण रांगेत एका माणसाचा चेहरा उतरला होता, आणि तो एनोक रॅम्सडेनचा होता. त्याच्या खांद्यावर ठाण होतं. त्याचे दोन धट्टेकट्टे मुलगे त्याच्या मागे उभे होते. त्याला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्यात त्याचे पाच शिलिंग होते, मुलांची ठाणं होती, आणि गावातला मान होता.

तो रांग सोडून ओट्याशी आला. "सायलस, काठी उलटी कर."

सायलसने मला उलटं केलं. इतकी वर्षं ज्या टोकावर त्याचा तळहात असायचा ते टोक उजेडात आलं. हातांच्या तेलाने काळं पडलेलं, पण खूण होती. एनोकने तिच्यावर आपला अंगठा ठेवला. तो तंतोतंत बसला.

"हा अंगठा कुणाचा?"

"तुझा," सायलस म्हणाला. मग त्याने माझ्या दुसऱ्या टोकाशी अजून आडव्या असलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू कुणी परकं माणूस न विचारता घरात येऊन बसलंय. त्याने तो हळूच उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून हवेतच धरला.

मग त्याला जे सुचलं ते मोजणीदारालाच सुचणार. "पण मग एनोक, तुझी ठाणं कशी भरतात?"

हा प्रश्न मी कित्येक वर्षं मनात विचारत होते. एनोकने मुलांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि शेवटी पेगीकडे पाहून उत्तर दिलं.

"ओढतो. ओलं करून. मी आणि पोरं." मग पेगीकडे हात करून तो म्हणाला, "हिला ओढायला कुणी नाही, एवढाच हिचा गुन्हा."

आणि त्याने आपलं ठाण ओट्यावर टाकलं. ओल्या कापडाचा पडताना एक जड आवाज येतो. तो सगळ्यांनी ऐकला. मग रांगेतून एकेक जण पुढे येऊन आपलं ठाण टाकू लागला. एकामागून एक तेच जड आवाज. त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपला हात कुठे चुकत नव्हता.

पेगी मॅजिस्ट्रेटकडे गेली नाही. तिला तिचे पाच शिलिंग पूर्ण मिळाले. इथे गोष्ट संपवली असती तर मीही समाधानाने पेटीत पडून राहिले असते. पण मालक पुन्हा विचार करायला माडीवर गेले.

खाली आले तेव्हा हिशेब तयार होता. अंगठा उठला म्हणजे ठाणामागे कापड कमी मिळणार, तेव्हा मजुरीही कमी. वास्तविक कापड जेवढं येत होतं तेवढंच येणार होतं. आधीचं जास्तीचं माप नुसतं पाणी आणि ओढाताण होती, धुलाईत जाऊन परत आकसणारी. पण हे मालकांना सांगणार कोण? एनोकने सांगितलं, आणि त्याला ओलं ठाण आणल्याबद्दल दंड झाला. हिशेबाने ठाणामागे अंगठ्यांचे पावणेदोन पेन्स होत होते. मालकांनी दोन धरले. हिशेबात अंगठा कुणाचाही असो, तो मालकाच्या बाजूने जाडच निघतो.

पिलिंगसाहेब वर्षभराने पुन्हा आले, पाच शिलिंगांचे चार शिलिंग दहा पेन्स झालेले पाहिले आणि त्यांनी शाईने कारण लिहिलं: यंत्रमागांची स्पर्धा. सगळं त्यांच्यासमोर घडलं होतं हो. पण अंगठा हा त्यांना गावंढळ गमतीचा विषय वाटला. आकड्यांच्या रकान्यात गंमत बसत नाही.

गावातले काही जण पेगीशी महिनाभर बोलत नव्हते. तिच्या तोंडामुळे दोन पेन्स गेले म्हणे. मग एनोकची बायको ओटच्या भाकऱ्या घेऊन तिच्याकडे गेली आणि येताना ॲमॉसचे शर्ट धुवायला घेऊन आली, तेव्हा बाकीच्यांनाही बोलणं भाग पडलं. दोन पेन्स गेले, पण खिडक्यांवरची फडकी निघाली. दुपारी लोक एकमेकांच्या घरात डोकावायला लागले. त्याची किंमत कुठल्या रकान्यात घालायची ते मला विचारू नका.

त्यानंतर दर शनिवारी पेगी ओट्याशी आली की मोजणी सुरू व्हायच्या आत एकच वाक्य बोलायची. "अंगठा खिशात, सायलसकाका." आणि सायलस डाव्या हाताचा अंगठा जाकिटाच्या खिशात अडकवायचा. पुढे ती नसली तरी अडकवायचा. मरेपर्यंत तो एका हाताने मला पुढे सरकवत मोजत राहिला. काम दुप्पट हळू झालं. लोकांनी कधी तक्रार केली नाही.

पुढचं सगळं सर्वांच्या आयुष्यात होतं तसंच. यंत्रमाग खरोखरच आले, हातमाग गेले, वखारीत दुसराच माल आला. मी एनोकच्या नातीकडे गेले आणि बरीच वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवून उभी होते. तिथे निदान माझ्या लांबीबद्दल कुणाचा गैरसमज नव्हता. तिच्या पणतूने मला या संग्रहालयाला दिलं.

इथे अभ्यासक येतात. जुन्या मजुरीवर काम करणाऱ्या एक बाई तर महिनाभर रोज यायच्या. हुशार, कष्टाळू. शेजारच्या टेबलावर पिलिंगसाहेबांचे आकडे उतरवून घेत. वारामागे इतके पेन्स, त्याला इतक्या वारांनी गुणा, त्यावरून त्या काळचा विणकर किती ओटचं पीठ विकत घेऊ शकत होता ते काढा. मजुरी घसरली त्या वर्षापुढे त्यांनीही तेच लिहिलं, यंत्रमागांची स्पर्धा. त्यांच्या पर्समध्ये गुंडाळायचा टेप होता. मी पाहिला. त्यांनी तो एकदाच काढला, माझ्या काचपेटीशेजारच्या खिडकीचं माप घ्यायला. संग्रहालयाला पडदा शिवायचा होता.

आता पुढच्या सोमवारी डागडुजीवाला येणार आहे. चिठ्ठीतल्या तिसऱ्या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय, 'डाग घासून काढावा.' एनोकचा अंगठा जाईल. मग माझ्यात सदतीस इंच का आहेत ते सांगणारं काही उरणार नाही. फार तर म्हणतील, जुने सुतार बेजबाबदार होते.

तुमच्यापैकी कुणी सोमवारच्या आत इकडे येणार असेल तर त्याला माझी एकच विनंती आहे. त्या डागडुजीवाल्याच्या हातून पॉलिशकागद काढून घ्या. पहारेकऱ्याला सांगून काच उघडा, मला बाहेर काढा आणि टेपने मोजा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, डागासकट.

आणि मोजताना अंगठा खिशात ठेवा.